बिराप्पाची उलांडी

कवठे महांकाळच्या पूर्वेला बोरमाळवाडी म्हणून गाव आहे. या गावात पाण्यात बुडून मरणं ही परवापरवापर्यंत अशक्य गोष्ट होती. कुणी विहिरीत पडलाच, तर हाडं मोडायची. अंग भिजायचं नाही. अशा गावात बिराप्पा कोळेकर जन्माला आला, मेंढरांमागं पन्नास वर्षं हिंडला, आणि घोट्याच्या वर पाणी लागेल अशा जागी त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या मळ्यांत मेंढरं बसवायला जायचा, तेव्हासुद्धा भाकरी खाताना नदीकडं पाठ करून बसायचा. बायको बनुबाई विचारायची, नदीनं तुमचं काय घोडं मारलंय? बिराप्पा म्हणायचा, अजून मारलं नाही, पण तिला वेळ लागायचा नाही.

असा हा माणूस पुढं होडी बनवणारा झाला. तीही अशी, की समुद्रकाठी जन्मलेल्यांनी तोंडात बोट घालावं. यात बिराप्पाची हौस काडीची नव्हती. पाणी त्याच्या दारात चालून आलं, त्याला तो काय करणार?

गावाच्या खालच्या अंगाला दुष्काळी कामावर बांधलेला एक तलाव होता. तलाव सरकारी कागदावर होता. जमिनीवर वर्षातले दहा महिने गवत असायचं आणि गवतावर बिराप्पाची मेंढरं. त्याला लागूनच त्याच्या बापाचा सात एकराचा माळ. मग एक वर्षी तलावाची भिंत वाढवली, उपसा योजनेचं पाणी कालव्यातून सोडलं, आणि बघता बघता गवत, माळ, माळावरच्या बोरी, सगळं पाण्याखाली गेलं. गावानं गुलाल उधळला. पिढ्यान्‌पिढ्या तहानलेल्या गावानं गुलाल उधळू नये तर काय करावं? बिराप्पाही त्या मिरवणुकीत होता. त्याचाच माळ बुडालाय हे त्याला दुसऱ्या दिवशी मेंढरं सोडताना कळलं.

तळं भरलं म्हणजे मासे आले, मासे आले म्हणजे मच्छिमार संस्था आली, आणि संस्था आली म्हणजे अध्यक्ष बाळासो आलेच. बाळासोंची बेदाण्याची शेड आहे. ते दूध डेअरीचे अध्यक्ष, भजनी मंडळाचे अध्यक्ष, आणि गावात उद्या कुणी काहीच न करणाऱ्यांची संस्था काढली तर तिचेही अध्यक्ष तेच होतील. गळ्यात तुळशीची माळ. मासा त्यांना चालत नाही, संस्था चालते.

बुडालेल्या माळाबद्दल बिराप्पानं त्यांच्या शेडवर तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला बाळासोंनी मोठ्या मनानं त्याला संस्थेचा सभासद करून घेतलं. त्या मोठ्या मनाच्या आत एक लहान मन होतं. संस्थेचा नियम असा, की जो सभासद स्वतःच्या वाहनानं पाण्यात जाऊन जाळं टाकणार नाही, त्याचं नाव वार्षिक सभेत कमी होईल. नदीकडं पाठ करून भाकरी खाणारा माणूस वर्षभरात आपोआप गळून पडेल, मग तक्रारही मिटेल, असा तो हिशेब. बिराप्पाला हे कळत नव्हतं असं नाही. पण नाव गेलं की माळही गेला आणि माळावरचं पाणीही गेलं. मग तासगावला परक्याच्या द्राक्षबागेत छाटणीला जायचं. त्याच्या आज्यानं, बापानं, त्यानं कधी दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेलं नव्हतं. बिराप्पानं ठरवलं, काही झालं तरी नाव राखायचं.

बाकीचे सभासद ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून जाळी टाकायचे. बिराप्पानं ट्यूब आणली. पहिल्याच दिवशी तो ट्यूबवर बसला, ट्यूब फिरली, आणि ट्यूब वर व बिराप्पा खाली असा देखावा झाला. पाणी मांडीइतकंच होतं. पण मांडीइतक्या पाण्यातही माणूस मनापासून बुडू शकतो. बनुबाईनं पटक्याला धरून ओढला तेव्हा तो कुलदैवताला बकरं बोलून मोकळा झाला होता. तळ्याच्या बांधावर निम्मं गाव जमलेलं. हसून हसून बाळासोंच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन दिवस बिराप्पा तळ्याकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मेंढरांना पाणी पाजायची डोण उचलली. आमच्याकडं जनावरांच्या लांबट पत्र्याच्या हौदाला डोण म्हणतात. त्याची डोण नऊ फूट लांब, दीड फूट रुंद. जी पाणी आत ठेवते ती पाणी बाहेरही ठेवील, असा त्याचा सरळ विचार. डोण तरंगली. माणूस बसला की मात्र ती एका कुशीवर वळायची, झोपेतल्या लेकरासारखी.

इथं दुसरा एखादा इंजिनिअरला विचारायला गेला असता. बिराप्पानं आपल्या घोड्याला विचारलं. मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, हलवताना धनगर सगळा संसार घोड्यावर लादतो. एका अंगाला घोंगड्यांचा गठ्ठा, दुसऱ्या अंगाला भांडीकुंडी. एक अंग हलकं पडलं की खोगीर फिरतं आणि संसार घोड्याच्या पोटाखाली जातो. म्हणून हलक्या अंगाला दगड बांधायचा. लहानपणापासून त्यानं असे हजार दगड बांधले होते. त्यानं डोणीला दगड बांधला. डोण दगडासकट तळाला गेली.

पण आता त्याला चटक लागली. दगड वर ढकलत नाही, हे त्याला समजलं. मग वर ढकलणारं काय? बागायतदार औषध फवारून झाल्यावर प्लास्टिकचे कॅन उकिरड्यावर फेकतात. ते त्यानं गोळा केले, घासले, तीन कॅन एकापुढं एक बांधले, आणि डोणीपासून चार हात लांब दोन कळकांच्या, म्हणजे बांबूंच्या, टोकाला अडकवले. आता डोण कॅनच्या अंगाला कलली की कॅन बुडायला नाही म्हणायचे. दुसऱ्या अंगाला कलली की मात्र ते पटकन वर उठायचे आणि बिराप्पा पाण्यात. सात वेळा पडल्यावर त्यानं मधल्या कॅनमध्ये पाव भाग पाणी भरलं. हलक्या अंगाचा दगड! वजनानं कॅन उठेना, हवेमुळं बुडेना. डोण पाण्यावर चौरंगासारखी बसली. बिराप्पा त्या दिवशी पहिल्यांदा तळ्याकडं तोंड करून भाकर जेवला.

तरी स्वतः खोल पाण्यात जायच्या आधी त्यानं आपला एडका डोणीत चढवला. मेंढ्यांचा हा नर भल्याभल्यांना टक्कर देऊन पाडणारा. त्यानं डोणीत चारी दिशांना उड्या मारल्या, कडेवर पाय दिले, बिराप्पाला दोनदा ढुशी दिली. डोण डुलली, पण वळली नाही. माणसं तोंडावर बरं बोलतात, एडक्याला ती सवय नाही. बिराप्पाचा विश्वास बसला.

नाव ठेवलं बनुबाईनं. ती म्हणाली, ही डोण म्हणजे बोहल्यावरची नवरी, एकटीला धड उभं राहता येत नाही; आणि ते कॅन म्हणजे तिची करवली, बाजूला उभी राहून तिला सावरणारी. झालं, साऱ्या गावानं ते उचललं. ‘करवलीची डोण’. जिच्या नावातच करवली, तिच्यात बसायला बायका कशाला भ्यायच्या? धुण्याला आलेल्या बायकाही बसून एक फेरी मारून यायच्या. बिराप्पा पहाटे जाळं टाकायचा, उन्हं वर आली की चिलापी आणि कटल्यानं बुट्टी भरून परतायचा. वर्षअखेर आली तेव्हा त्याचं नाव कमी करायला बाळासोंना कारण सापडेना. उलट पाच-सहा सभासद त्याच्याकडं कळक घेऊन आले, आमालाबी एक करवली बांधून दे म्हणून. सुखाचे दिवस होते. ते एका विद्वान मुलीनं संपवले, बिचारीचा हेतू अगदी चांगला होता.

मुलीचं नाव प्रांजल. ती रत्नागिरीकडची, लहान मच्छिमारांच्या होड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होती. देशभर होड्या बघत हिंडायची. या दुष्काळी मुलखात तिला काही सापडेल अशी आशा नव्हती, केवळ यादीत तलावाचं नाव होतं म्हणून आली. बिराप्पाची डोण बघून ती काठावरच बसली. मग उठून तिनं कळकांच्या गाठी बघितल्या, कॅन हलवून आतलं पाणी ऐकलं, आणि विचारलं, काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं? बिराप्पा म्हणाला, घोड्यानं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

तिनं त्याला सांगितलं, की आमच्या किनाऱ्यावर अशी होडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. लांबच्या बेटांवरचे लोक अशाच होड्या घेऊन समुद्र ओलांडून गेले. बाजूच्या त्या तरंगत्या लाकडाला आम्ही उलांडी म्हणतो. होडी सुधारायला मोठमोठी माणसं झटतायत, आणि तुम्ही समुद्र न बघता ती बनवलीत. बिराप्पाला बेटं काही कळली नाहीत. पण आपल्याला कुणीतरी शहाणं म्हणतंय एवढं कळलं, आणि त्याला लय बरं वाटलं. तिनं फोटो काढले, आणि गेल्यावर गावच्या मच्छिमार संस्थेला एक पत्र धाडलं. त्यात लिहिलं होतं: ‘आपले सभासद श्री. बिराप्पा कोळेकर यांनी स्वतःच्या बुद्धीने बनवलेली ही उलांडी होडी अत्यंत उत्कृष्ट असून सर्व सभासदांनी तिचा वापर करावा.’

हे पत्र बाळासोंनी वार्षिक सभेत मोठ्यानं वाचलं. ‘उलांडी’ या शब्दाशी आल्यावर ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आता किनाऱ्यावर उलांडीचा अर्थ काय असेल तो असो. आमच्या मुलखात दूध उलंडतं, घागर उलंडते, मुरमाची भरलेली गाडी उलंडते. उलंडणं म्हणजे पालथं होणं. पोटच्या पोराला इथं कुणी ‘पडक्या’ म्हणत नाही, तसं होडीला कुणी उलांडी म्हणणार नाही. बाळासोंनी सभेकडं बघितलं.

"बघा मंडळी. मॅडम शिकलेल्या हायत. त्यांनी सोता लिवून दिलंय, उलंडनारी होडी हाय म्हनून. आनि उलंडन्यात उत्कृष्ट हाय म्हनून."

सभा ढवळून निघाली. ज्यांनी करवलीत बसून मासे धरले होते त्यांनाही आता आठवलं, की अमक्या दिवशी जरा डुललीच होती. एकाला तर आपण मरता मरता वाचल्याचं स्वच्छ आठवलं. बिराप्पा उभा राहून सांगू लागला, उलांडी म्हंजे त्या बाजूच्या लाकडाचं नाव हाय. मग त्यानं प्रांजलला फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. तिनंही तेच सांगितलं: उलांडी म्हणजे होडीला उलटू न देणारं लाकूड. रेंज तुटत होती. सभेला ऐकू आलं ते ‘उलांडी… होडीला… उलटू… लाकूड’. बाळासोंनी हात वर करून शांतता केली आणि ठराव लिहून घेतला, की सभासदांच्या जीविताच्या सुरक्षेसाठी उलांडी जातीच्या होडीस तलावात मनाई आहे. माणसाला जात चिकटवायची सवय असलेल्या हातांनी ती होडीलाही चिकटवली.

ट्यूबवर मनाई नव्हती. थर्माकोलवर मनाई नव्हती. न उलंडणारी जी एकच तऱ्हेची होडी तळ्यात होती, तिला उलंडते म्हणून मनाई झाली. बिराप्पानं डोण ओढून काठावर आणली. वर्षाच्या आत दुसरं वाहन दाखव, नाहीतर नाव कमी, असं त्याला लेखी कळवण्यात आलं.

बाळासोंचा पुतण्या इंद्रजित. त्याचा शिरवळला पाण्याच्या टाक्या बनवायचा कारखाना आहे. फायबरच्या, काळ्या, घराघरांच्या डोक्यावर असतात तशा. सभेनंतर पंधरा दिवसांनी तो गाडी घेऊन आला, काठावर पडलेल्या डोणीभोवती दोनदा फिरला, आणि मग फीत काढून मापं घेतली. लांबी, रुंदी, कळक, कॅन. बिराप्पा जवळच मेंढरं राखत होता. त्यानं विचारलं, मनाई केलेल्या होडीची मापं कशाला? इंद्रजित म्हणाला, धोका कुठं आहे त्याचा अभ्यास करतोय. त्यानं नीट अभ्यास केला. एवढंच, की कॅन त्यानं हलवून बघितला नाही.

सहा महिन्यांनी शिरवळहून ट्रकमधून बारा होड्या आल्या. फायबरच्या, निळ्या, प्रत्येकीच्या बाजूला दोन नळ्यांवर निळीच लांब टाकी. नाव ‘जलस्थिरा’. सुधारित मत्स्यनौका म्हणून सरकारी योजनेत मंजूर, संकल्पना इंद्रजित, मार्गदर्शन बाळासो. टाकीचा साचा कारखान्याचाच असल्यामुळं प्रत्येक तरंगत्या टाकीला तोटी बसवायचं भोक होतं. त्याला बूच लावलेलं होतं. ठराव असा झाला, की यापुढं तलावात फक्त जलस्थिरेलाच परवानगी. बाराव्या होडीवर लाभार्थी म्हणून बिराप्पाचं नाव घातलं होतं. बाळासो वाईट माणूस नव्हते. ज्याची वस्तू त्यालाच आपल्या हातानं द्यायला त्यांना आवडायचं, एवढंच.

होडी मिळायच्या आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. ते बेदाण्याच्या शेडमध्ये घेतलं, कारण तळ्यावर सावली नव्हती. बारा सभासद प्लास्टिकच्या खुर्च्यांवर एकामागं एक बसले, प्रत्येकाच्या हातात कळकाची काठी, आणि पांढरे बूट घातलेला इंद्रजित पुढं उभा राहून डावा, उजवा, डावा, उजवा असं म्हणत होता. बिराप्पा मागून दुसरा होता. त्यानंही बेदाण्याच्या शेडमध्ये तीन दिवस वल्हं मारलं. घामाघूम झाला, आणि कुठंच पोचला नाही.

तिसऱ्या दिवशी इंद्रजितनं विचारलं, कुणाला काही शंका? बिराप्पाला गप्प राहायचं होतं, बनुबाईनं तसं बजावून पाठवलं होतं. पण माणसाला आपल्या कामाची गोष्ट चुकीची झालेली बघवत नाही. तो उठला.

"त्या कडंच्या टाकीत पानी किती ठेवायचं?"

इंद्रजित हसला. "काका, होडीत पाणी आलं की होडी बुडते. हे पहिल्याच दिवशी शिकवलंय ना?"

शेडभर हशा पिकला. ज्यांच्या डोणींना बिराप्पानं करवल्या बांधून दिल्या होत्या तेही हसले. बिराप्पा खाली बसला. आपण हसलो नाही म्हणून कुणाच्या डोळ्यांत येऊ नये, एवढ्यासाठी तोही थोडा हसला.

मग अर्ज आले. अर्जाच्या शेवटी एक वाक्य होतं. बिराप्पा चौथी शिकलेला. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यानं वाचलं: ‘मी यापूर्वी कोणत्याही प्रकारची होडी बनवलेली अथवा वापरलेली नाही. ही माहिती खोटी आढळल्यास होडी व सभासदत्व रद्द होईल.’ योजना नवख्यांसाठी होती, म्हणून हे वाक्य. बिराप्पा अर्ज घेऊन बाळासोंकडं गेला.

बाळासो म्हणाले, त्यात काय अवघड, कर सही. बिराप्पा म्हणाला, आवं, पर मी बनवली हुती की. समद्या गावानं बघितलीया. बाळासोंनी खांद्यावर हात ठेवला. ते फार प्रेमानं बोलले.

"बिराप्पा, ती उलांडी हुती. ती होडी कुटं हुती रं?"

अर्ज तीन दिवस घरात देव्हाऱ्याजवळ पडून होता. बिराप्पा मेंढरांमागं जायचा आणि परत येऊन अर्जाकडं बघायचा. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला होडीचं तोंड बघायचं नव्हतं, आणि आज होडी नव्हती असं लिहायला त्याचा हात धजत नव्हता. आयुष्यात त्यानं बरंच केलं होतं. मेंढरं वाढवली, दोन पोरी नांदायला पाठवल्या. पण ते सगळेच करतात. कुणीच केलं नाही असं त्यानं एकच केलं होतं, ती डोण. तेच पुसायचं होतं.

 चौथ्या दिवशी बनुबाईनं अर्ज त्याच्या पुढं आणून ठेवला.

"आपल्या माळावर पानी उभं हाय. त्यात जायाची वाट एवढीच ठेवलीया त्यांनी. करा सही."

बिराप्पानं सही केली. सही चांगली ठसठशीत केली. बाळासोंनी सांगितलं, की जुनी वस्तू काठावर दिसायला नको, तपासणी येते. त्यानं कळक सोडले, कॅन उकिरड्यावर नेऊन टाकले, आणि डोण वाड्यात आणून पुन्हा मेंढरांना पाणी पाजायला ठेवली. नारळ फुटले, फोटो झाले. फोटोत बिराप्पा निळ्या होडीत बसलाय आणि बाळासो त्याला वल्हं कसं धरायचं ते दाखवतायत. तो फोटो अजून संस्थेच्या भिंतीवर आहे.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. पहिल्या आठवड्यात बारापैकी नऊ जलस्थिरा उलटल्या. रिकाम्या टाक्या पहिल्या हेलकाव्यालाच वर उठायच्या. माणसं भिजून घरी जायची आणि तोंडातून ब्र काढायची नाहीत, कारण सुधारित नौका उलटते असं म्हणणं म्हणजे योजनेला नाव ठेवणं. मग एक एक जण अंधुक उजेडात बिराप्पाकडं यायला लागला. बिराप्पा एकाही माणसाला घालूनपाडून बोलला नाही. त्यानं बूच काढलं, पाव टाकी पाणी भरलं, बूच लावलं. बारा होड्यांना बारा वेळा. त्यानंतर एकही उलटली नाही. या गोष्टीची नोंद अहवालात आहे: ‘दुसऱ्या टप्प्यातील तांत्रिक सुधारणा, संकल्पना इंद्रजित’. कुणाच्या म्हशी नि कुणाला उठाबशी, म्हणतात ते असं.

वर्ष गेलं. बिराप्पा रोज आपल्या बुडालेल्या माळावर जाळं टाकत होता. पोटापुरता मासा मिळत होता, नाव पटावर होतं. त्याचं चांगलं चाललं होतं, असंच कुणीही म्हटलं असतं.

आणि प्रांजल परत आली. तिच्या संस्थेनं होड्या बनवणाऱ्यांचा एक मेळावा किनाऱ्यावर भरवला होता. लांबलांबचे कारागीर येणार, आपापली होडी सगळ्यांसमोर बांधून दाखवणार, आणि त्या सगळ्यांचं मिळून एक पुस्तक निघणार. तिला त्यात बिराप्पा हवा होता. तिनं मच्छिमार संस्थेला लिहिलं, तर उत्तरात त्याच्या सहीच्या अर्जाची प्रत आली. यापूर्वी कोणत्याही प्रकारची होडी बनवलेली नाही. तिला वाटलं काहीतरी घोटाळा झालाय, म्हणून ती स्वतःच आली. बाहेरगावचं माणूस आलं की बाळासो सोबत असतातच. भर दुपारी दोघं तळ्यावर आले तेव्हा बिराप्पा निळ्या होडीतलं जाळं काढून वाळत घालत होता.

तिनं मेळाव्याचं सगळं सांगितलं. मग पिशवीतून फोटो काढून त्याच्या हातात दिला. दोन वर्षांपूर्वीचा, तिनंच काढलेला. काठावरची डोण, दोन कळक, तीन कॅन. उन्हात पत्रा चमकत होता. बिराप्पानं ओला हात धोतराला पुसून फोटो धरला. त्याला ती गाठसुद्धा दिसली, पुढच्या कळकाची, जी त्यानं तीनदा सोडून पुन्हा मारली होती. बाळासो दोन पावलांवर उभे होते. ते तळ्याकडं बघत होते.

"काका, ही तुमचीच ना?" प्रांजलनं विचारलं.

समुद्र बघायला मिळाला असता. त्याच्यासारख्यांच्यात चार दिवस बसायला मिळालं असतं, आणि पाव कॅन पाणी भरायचं म्हटल्यावर तिथं कुणी हसलं नसतं. बिराप्पानं फोटो परत दिला.

"न्हाई बा. मला त्यातलं काय कळत न्हाई. मला ही संस्थेनं दिलीया."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं बाळासोंकडं बघितलं, हातातल्या अर्जाच्या प्रतीकडं बघितलं, शेवटच्या ओळीकडं बघितलं. पोरगी हुशार होती. तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. तिनं वही उघडली. फोटो छापायचाच आहे, खाली काय लिहू, एवढंच तिनं विचारलं.

"लिवा, ठावं न्हाई म्हनून."

तिनं उभ्या उभ्या लिहिलं. लिहिताना तिनं मान वर केली नाही. मग वही त्याच्यापुढं धरली आणि म्हणाली, गावाचं नाव तेवढं नीट आलंय का बघा, पुस्तकात चूक नको. बिराप्पानं बोट टेकवलं आणि अक्षर अक्षर लावून सगळी ओळ वाचली. ‘उलांडी होडी. बोरमाळवाडी, तालुका कवठे महांकाळ. बनवणारा: अज्ञात.’

"बराबर हाय," तो म्हणाला, आणि जाळं झटकायला लागला.